मनगट सरळ, कुंदा पट्टेदार

शिडीची शेवटची पायरी करकरते आणि तुम्ही माळ्यावर येता. खाली भट्टीचा भाता चालू आहे. त्याची ऊब फळ्यांच्या फटींतून वर येते आहे, सोबत कोळशाचा वास. साल 1774, महिना ऑक्टोबर. गाव लँकेस्टर, फिलाडेल्फियापासून पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटर. पेनसिल्व्हेनिया ही ब्रिटिश वसाहत आहे खरी, पण या गल्लीत कानावर पडते ती बहुतेक जर्मनच. तुमच्या तळहातांना घट्टे आहेत, कमरेला चामड्याचा ॲप्रन आहे, आणि खालून आलेली जर्मन हाक तुम्हाला बिनचूक कळते.

"मधल्या थप्पीतल्या तीन फळ्या खिडकीशी काढून ठेव रे. आणि वाटीभर पाणी घे."

हाक मारणारा माइस्टर, बंदुका घडवणारा तुमचा उस्ताद. तुम्ही त्याच्याकडे शिकाऊ आहात. आजवर कोळसा भरलात, कानस चालवलीत, नळ्या घासल्यात. लाकडाला हात लावायची पाळी आज आली आहे.

थप्पीत मेपलच्या फळ्या एकीवर एक रचल्या आहेत. प्रत्येक जोडीमध्ये आडव्या काड्या घातल्यात, म्हणजे वारा खेळता राहतो. फळ्या अडीच-तीन इंच जाडीच्या आणि पाच फुटांहून लांब. लाकूड मुरायला जाडीच्या दर इंचाला निदान एक वर्ष, असा इथला हिशेब. म्हणजे आज तुमच्या हाती येणारं झाड चिरलं गेलं ते तीन वर्षांपूर्वी. घाई करून ओल्या लाकडाचा दस्ता केला, तर तो मागाहून आकसतो आणि पिळतो. नळीची खोबण वाकडी झाली की नळीवर ताण येतो आणि नेम चुकायला लागतो.

फळ्या खिडकीशी आणेपर्यंत माइस्टर वर येतो. त्याच्यामागे गिऱ्हाईकही येतं. सस्क्वेहाना नदीपलीकडचा शेतकरी आहे, बुटांना वाटेवरचा चिखल लागलेला. त्याला ठासणीची रायफल हवी आहे, हरणासाठी. जमलं तर शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावी अशी.

माइस्टर फडकं पाण्यात बुडवून पिळतो आणि पहिल्या फळीवरून फिरवतो. कोरडं, धुरकट, मळकट दिसणारं लाकूड क्षणभर उजळतं. तेल लावल्यावर ते कसं दिसेल याची ही चुणूक. पाणी सुकेपर्यंत जे बघायचं ते बघून घ्यायचं. पहिल्या फळीत रेषा सरळ, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पट्टा म्हणून नाही. माइस्टर ती बाजूला सारतो. चांगलं लाकूड आहे, साध्या बंदुकीला उपयोगी पडेल.

दुसऱ्या फळीवर फडकं फिरतं आणि शेतकरी पुढे वाकतो. फळीभर आडव्या पट्ट्या उमटल्या आहेत. एक उजळ, एक गडद, परत एक उजळ, बोटाच्या जाडीच्या, दाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुम्ही फळी जराशी कलती करता आणि उजळ होती ती पट्टी गडद होते, गडद होती ती उजळ. धूपछाव रेशमाचा पदर हलवावा तसं.

"हीच," शेतकरी म्हणतो.

माइस्टर काहीच बोलत नाही. कंबरपट्ट्यातून चाकू काढून फळीच्या काठाची एक ढलपी उचकटतो आणि तुमच्या हातात देतो. ढलपी सरळ निघालेली नाही. तिच्या फाटलेल्या अंगावर लाटा आहेत, चढ-उतार, चढ-उतार. पट्ट्यांचं सगळं गुपित या चढ-उतारात आहे. या झाडाचे तंतू सरळ वर चढले नाहीत, नागमोडी गेले. रंध्याने पृष्ठभाग सपाट केला, की लाटेचा एक उतार बाहेर तोंड करून कापला जातो, पुढचा उतार पाठ फिरवतो. एका उतारावर उजेड परत येतो, दुसऱ्यावर लाकडात मुरतो. रंग वेगळे नाहीत, वेगळी आहे ती तंतूंची दिशा. व्हायोलिनच्या पाठीला कारागीर असंच नागमोडी तंतूंचं मेपल शोधतात.

"आता मोड," माइस्टर म्हणतो.

ढलपी एका लाटेच्या उतारावर चटकन तुटते. पहिल्या फळीची तेवढीच ढलपी वाकते, कुरकुरते आणि मग तुटते, तीही लांब कुसळं ठेवून. शेतकऱ्याला फरक दिसला आहे, पण त्याची नजर अजून दुसऱ्या फळीवरच आहे.

तिसऱ्या फळीला पाणी लागतं. ही वेगळीच. एका रुंद टोकाला पट्टे दाट आहेत, मध्यावर ते विरळ होतात, जवळजवळ विरून जातात. आणि त्याच मध्यावर वाढीच्या रेषा हलकेच खाली झुकल्या आहेत. बुंध्याजवळ झाड मुळांकडे रुंदावतं आणि रेषाही तिथे वळतात. ही फळी अशा जागेतून आली आहे. तुम्ही फळी उभी करून तिचं टोक तपासता. वर्षावर्षाची वर्तुळं रुंद बाजूशी काटकोनात उभी आहेत. म्हणजे ओंडका गाभ्याच्या दिशेने चिरलेला. असं चिरलं की पट्टे दस्त्याच्या दोन्ही अंगांवर उठून दिसतात आणि सुकताना फळी रुंदीत कमी आकसते.

माइस्टर भिंतीवरून साचा काढतो. दस्त्याच्या आकारात कापलेली पातळ फळी आहे ती. साचा तो तिसऱ्या फळीवर ठेवतो, जरा वर सरकवतो, मग दोन बोटं खाली. दर वेळी त्याचा अंगठा एकाच जागी येतो: मनगटावर. दस्त्याचा हा सर्वांत बारीक भाग, गोळी सुटताना हात धरतो तो.

"इथे बघ," तो तुम्हाला म्हणतो. पण आवाज शेतकऱ्याला ऐकू जाईल एवढा ठेवतो. "एका अंगाने घोड्याच्या यंत्राची खाच इथेच. वरून नळीची शेपटी आणि तिचा स्क्रू इथेच. खालून चापाची खाच, तीही इथेच. तीन बाजूंनी कोरून झाल्यावर उरतं काय? तेवढ्यावर बंदूक तोलायची. त्यात पुन्हा दस्ता इथे खाली वळतो. रेषा सरळ असल्या तर त्या मनगटात तिरप्या कापल्या जातात. लाटा असल्या तर लाटेलाटेत कापल्या जातात. रेषा दस्त्याबरोबर वळल्या तरच बंदूक टिकते."

"पण पट्टे?" शेतकरी विचारतो.

"पट्टे मिळतील. कुठे द्यायचे ते मी ठरवणार."

साचा शेवटी असा बसतो, की दाट पट्टे सगळे कुंद्यात, खांद्याला टेकणाऱ्या रुंद भागात येतात. मनगटात रेषा दस्त्याच्या वळणाने जातात. या सरकवासरकवीत फळीचा एक देखणा कोपरा साच्याबाहेर राहतो. तुम्ही कोळशाच्या कांडीने रेघ मारता आणि तो कोपरा चुलीत जाणार हे तुमच्या लक्षात येतं.

शेतकरी खाली जातो. नळीचा आणि यंत्राचा भाव ठरवायचा आहे.

नळी इथलीच. पेनसिल्व्हेनियाच्या भट्ट्यांतलं लोखंड दांड्याभोवती गुंडाळून जोडलेलं, मग आतून कोरलेलं, त्यात पेचदार चर पाडलेले. बाहेरून ती आठ कोनी. घोड्याचं यंत्र मात्र बहुधा समुद्रापलीकडून, इंग्लंडहून किंवा जर्मनीहून, तयार येतं. गार, स्प्रिंगा, रंजकाची वाटी, सगळं एका पत्र्यावर. ते गावात घडवता येतं, पण विकत घेणं परवडतं. लाकूड मात्र नळीसारखंच संपूर्ण इथलं.

दोन पिढ्यांपूर्वी हे असं नव्हतं. ऱ्हाइनकाठच्या प्रदेशातून आणि स्वित्झर्लंडमधून आलेले कारागीर आपल्याबरोबर येगर रायफल घेऊन आले: आखूड, जाड नळीची, मोठ्या तोंडाची, बहुधा अक्रोडाच्या दस्त्याची. पेनसिल्व्हेनियाच्या जंगलात तिची नळी लांबत गेली आणि तोंड बारीक झालं. अर्ध्या इंचाच्या आसपासची गोळी असली की शिसं कमी लागतं, दारूही कमी. महिनोन्‌महिने वस्तीपासून दूर राहणाऱ्याला हा हिशेब फार कामाचा. अक्रोड इथल्या रानातही आहे आणि काही जण तो वापरतात. पण पेनसिल्व्हेनियाची सवय आता मेपलची झाली आहे. वसंताच्या तोंडावर ज्याच्या रसापासून लोक साखर करतात, ते मेपल. कठीण, घट्ट, बारीक कोरीव काम धरून ठेवणारं. विल्यम हेन्री आणि याकोब डिकर्ट यांच्यासारखे कारागीर याच गावात काम करतात. या लांब, सडपातळ बंदुकीसाठी लँकेस्टरचं नाव दूरवर आहे.

करवतीने बाह्याकार कापून झाला की नळी बसवायला घेतात. या कामात घाईला जागा नाही.

नळी 44 इंचांची. दस्ता तिच्या तोंडापर्यंत जातो, म्हणून सगळी 44 इंचांची खोबण कोरायची. त्यात नळी सगळीकडे सारखी जाड नाही. बुडाशी जाड, मध्ये किंचित बारीक, तोंडाशी पुन्हा जराशी फुगलेली. खोबणीने तिचा प्रत्येक फुगवटा ओळखायला हवा. माइस्टर दिव्याची काजळी तेलात कालवून नळीच्या खालच्या कोनांना फासतो. नळी खोबणीत दाबतो, मोगरीचे दोन हलके ठोके देतो, उचलतो. लाकडावर काळे डाग पडले आहेत. जिथे डाग तिथे लाकूड नळीला लागतंय, म्हणून तिथेच पटाशी चालवायची. कागदाहून पातळ तुकडा काढायचा. पुन्हा काजळी, पुन्हा दाब, पुन्हा डाग.

तुमची पाळी येते तेव्हा पहिली चूक हाताला होते, डोळ्याला नाही. डाग दिसतो आणि हात त्याच्याबाहेर जरा जास्त खरवडतो. माइस्टर तुमच्या मनगटाला धरून पटाशी उलटी फिरवतो. पट्टेदार लाकडात दर लाटेला तंतूंची दिशा बदलते. एका लाटेवर पटाशी गुळगुळीत जाते, पुढच्या लाटेत तीच धार तंतूंच्या खाली घुसून खपली उचकटते. म्हणून इथे पटाशी लांब ढकलायची नाही. छोट्या-छोट्या फेऱ्या मारायच्या, शक्य तिथे रेषांना आडवी. दिवस मावळतो तेव्हा डाग आठही कोनांपैकी खालच्या प्रत्येकावर सलग पडायला लागलेले असतात. नळी खोबणीत ठेवून हलवली तर आता ती हलत नाही.

त्यानंतरचं काम दिसत नाही, पण त्यात बरेच दस्ते वाया जातात: गजाचं भोक. नळीखाली आधी एक उघडी खोबण, मग तिच्या टोकापासून मागे लाकडाच्या पोटात एक फुटाहून जास्त खोल जाणारं भोक. नळी आणि भोक यांच्यामध्ये लाकडाचा पडदा राहतो जेमतेम अष्टमांश इंचाचा. लांब गिरमिटाचं टोक लाकडाच्या रेषांमागे जातं. रेषा जिकडे ओढतील तिकडे ते वळतं. वर वळलं तर नळीच्या खोबणीत निघतं, खाली वळलं तर दस्त्याच्या पोटातून बाहेर पडतं. माइस्टर थोडं फिरवतो, गिरमिट बाहेर काढतो, भुसा झटकतो, उजेडात नजर लावतो, पुन्हा फिरवतो. पट्टेदार कुंदा मागे आहे आणि पुढचा भाग बराच शांत आहे. हे साचा ठेवतानाच ठरलं होतं, आणि त्याचा उपयोग इथेही होतो.

मग घोड्याचं यंत्र, चाप, कुंद्यामागची पितळी पट्टी. प्रत्येकाची आपली खाच, प्रत्येकाची आपली काजळी. ते पटकन सांगता येतं, कारण कृती तीच.

आकार द्यायची वेळ येते तेव्हा फळी अजून जाडच असते. माइस्टर तुम्हाला दोन मुठींचा सुरा देतो. बसून तो छातीकडे ओढायचा. साध्या लाकडात लांब साली निघाल्या असत्या. कुंद्यात मात्र सुरा दर लाटेला अडखळतो. म्हणून लवकरच सुरा ठेवून खरबरीत कानस घ्यावी लागते, मग बारीक कानस आणि शेवटी खरवडणी: पोलादाची चपटी पट्टी, तिच्या काठाला बारीकशी धार वळवलेली. ही पट्टी तंतूंखाली घुसत नाही. लाटेच्या दोन्ही उतारांवर सारखीच चालते. तिच्या तोंडून निघणारा कीस इतका पातळ, की खिडकीतल्या वाऱ्याने उडतो.

लँकेस्टरचा कुंदा कसा असावा, हे या गावाला पक्कं ठाऊक आहे. वरची आणि खालची कड मनगटापासून सरळ निघते आणि खांद्याकडे रुंद होत जाते, त्रिकोणी. डाव्या बाजूला गाल टेकायला उंचवटा, त्याच्यामागे वेलबुट्टीचं उठावदार कोरीव काम. उजव्या बाजूला पितळी झाकणाची डबी, गोळीभोवती गुंडाळायचे चरबी लावलेले कापडाचे तुकडे ठेवायला. डबी बसवायची म्हणजे कुंद्यातला पट्ट्यांचा बराच भाग पितळेखाली जाणार. माइस्टरला त्याचं वाईट वाटत नाही. पितळेभोवती जे उरतं ते ठळक दिसतं.

पुढच्या भागाच्या भिंती तो अष्टमांश इंचाच्याही आत आणतो. नळी आणि लाकूड मिळून एकच वस्तू वाटावी इतकं सडपातळ. जाड दस्ता म्हणजे काम अर्धवट सोडलं, असं या गावात मानतात.

अजूनही लाकूड फिकट, मलईच्या रंगाचं आहे. पट्टे आहेत, पण दबलेले. त्यांना जागं करायला आज एक बाटली निघते: शोऱ्याचं आम्ल, त्यात लोखंडाचा कीस विरवलेला. बंदुकीची दारू ज्या शोऱ्याशिवाय होत नाही, त्याच शोऱ्याचा हा दुसरा उपयोग. इंग्लंडला लागणारा शोरा या काळात मोठ्या प्रमाणावर बिहारमधून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी जातो.

तुम्ही ब्रशने ते आम्ल दस्त्याला लावता. लाकूड हिरवट, मळकट, आजारी दिसायला लागतं. शेतकरी या क्षणी दुकानात असता तर पैसे परत मागितले असते. माइस्टर भट्टीतून लालबुंद लोखंडी दांडा काढतो आणि दस्त्याजवळून फिरवतो, लाकडाला न टेकवता. जिथे आच लागते तिथे हिरवट रंग सरकून जातो आणि मागे तांबूस तपकिरी उमटतो. लाटेच्या ज्या उतारावर तंतू बाहेर तोंड करून कापले गेले आहेत, तिथे आम्ल जास्त मुरलं आहे. तिथला रंग गडद. पुढच्या उतारावर कमी, म्हणून तो उजळ. मनगटाजवळ पट्टे विरळ होत जातात आणि रंग एकसारखा होतो. कुंद्यावर मात्र ते दाट उठले आहेत. पाण्याने दाखवलेली चुणूक आता कायमची झाली.

शेवटी उकळलेलं जवसाचं तेल. तळहाताने चोळायचं, तळहात गरम होईपर्यंत, मग सुकू द्यायचं आणि पुन्हा चोळायचं.

डिसेंबरात शेतकरी बंदूक न्यायला येतो. ती खिडकीकडे धरतो, कुंदा इकडून तिकडे कलता करतो, पट्टे फिरताना पाहतो. पैसे मोजून देतो. मनगटाकडे त्याची नजर जात नाही, आणि माइस्टर ते दाखवतही नाही.

एव्हाना 19 ऑक्टोबरचा लंडनचा हुकूम समुद्र ओलांडून आला आहे: वसाहतींकडे शस्त्रं आणि दारू पाठवायची नाही. पुढच्या वर्षी इंग्लंडशी युद्ध पेटतं, आणि 14 जून 1775 ला फिलाडेल्फियात भरलेली वसाहतींची काँग्रेस रायफलवाल्यांच्या दहा तुकड्या उभारायचं ठरवते. त्यातल्या सहा पेनसिल्व्हेनियाच्या, दोन मेरीलँडच्या, दोन व्हर्जिनियाच्या. हरणासाठी घेतलेल्या बंदुका त्या उन्हाळ्यात बोस्टनच्या वाटेला लागतात.

आता अडीचशे वर्षं पुढे सरका आणि अशा जुन्या बंदुका जिथे टिकून आहेत तिथे जाऊन त्यांच्या मनगटांकडे पाहा. कितीतरी मनगटांवर पितळी पत्रा ठोकलेला दिसेल, काहींवर कच्चं कातडं ओलं असताना गुंडाळून सुकवलेलं. बंदूक घोड्यावरून पडली असेल, गाडीखाली आली असेल, पोराने दगडावर आपटली असेल. कारणं शंभर आहेत, पण फूट जाते ती बहुधा त्या तीन खाचांच्या भेटीतून. पत्र्याशेजारचं लाकूड निरखून पाहा. तिथे पट्टे मनगटाच्या आरपार गेलेले दिसले, तर समजा की त्या माळ्यावर दुसऱ्या फळीसाठी हट्ट धरणारं गिऱ्हाईक होतं आणि साचा सरकवायची तयारी नसलेला उस्ताद.